बुडाल्या तरी घर बुडू नये, एवढ्याच कोंबड्या!

"दादा, दोनशे पक्ष्यांचं शेड टाकतोय. जागा आपली, पाणी आपलं. थोडी मदत करा, सहा महिन्यांत परत करतो."

गावाकडून असा निरोप आला नाही, असे शहरात नोकरी करणारे घर आपल्यात क्वचितच असेल. कुणाला भावाचा येतो, कुणाला मेहुण्याचा, कुणाला पुतण्याचा. मला तो २००५ सालच्या दिवाळीनंतर आला. माझा धाकटा भाऊ नाशिकला कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, तेव्हा तो बायको-मुलांना घेऊन सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी परतला. वाट्याला दोन एकर जिरायत. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर नुसतेच ढेकळांचे रान. शेजारच्या तालुक्यात पोल्ट्रीच्या लांबच लांब शेडी उभ्या राहिलेल्या त्याने पाहिल्या होत्या. त्याच्या मनाने घेतले, की आपणही कोंबड्या पाळायच्या.

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्याच्याकडे जमीन थोडी किंवा मुळीच नाही, त्याला कोंबडीइतका जवळचा जोडधंदा दुसरा नाही. म्हशीला वैरण लागते, शेळीला चरायला रान लागते आणि रानाच्या मालकाची बोलणी ऐकावी लागतात. कोंबडीला परस पुरतो. पण हीच कोंबडी घर वर कशी काढते आणि तेच घर खाली कसे बसवते, हे आमच्या कुटुंबाने जवळून पाहिले. ते वाचकांपुढे मांडावे, म्हणजे पुढच्या वेळी गावाकडून निरोप आल्यावर पैसे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारता येतील, एवढ्यासाठी हा लेख.

आईच्या आठ कोंबड्या

शेड येण्याआधीही घरात कोंबड्या होत्याच. आईच्या आठ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. दिवसभर उकिरड्यावर, कुंपणाच्या कडेला किडे-दाणे टिपायच्या, संध्याकाळी आपणहून खुराड्यात शिरायच्या. आई मूठभर बाजरी टाकायची, तीही रोज नाही.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक बसते. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवली, की एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. पुढचे दोन महिने ती पिल्लांमागे असते, अंडी देत नाही. म्हणून वर्षाकाठी साठ-ऐंशी अंड्यांपलीकडे तिची मजल जात नाही. व्यापारी फार्मवरची अंड्याची कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. हा फरक भावाने कुठेतरी वाचला होता. आईला तो म्हणायचा, "तुझ्या आठ कोंबड्यांनी काय होतंय?"

होत काहीच नव्हते असे नाही. त्या अंड्यांवर नातवंडांच्या वह्या यायच्या, घरात साखर-चहा यायचा, आणि पाहुणा आला तर आई कुणापुढे हात पसरत नसे. तो पैसा तिचा होता. त्याचा हिशोब ना आमच्या वडिलांनी कधी विचारला, ना आम्ही.

शेडचे काम सुरू झाले, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "कोंबडीनं येचून खाल्लं तर ती आपल्याला पोसती. इकत आणून घातलं, की ती आपल्यालाच खाती." आम्ही दोघे भाऊ हसलो. कोंबडीच्या धंद्याचे सगळे अर्थशास्त्र आईच्या त्या दोन वाक्यांत आहे, हे कळायला आम्हाला चार महिने लागले.

पहिली खेप : थंडीची रात्र

पंचवीस फूट लांब, दहा फूट रुंद शेड उभे राहिले. मांसाच्या कोंबडीला, म्हणजे ब्रॉयलरला, प्रत्येकी एक चौरस फूट जागा लागते. त्या हिशोबाने दोनशे पक्ष्यांना ते पुरेसे होते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. खाली दीड फूट भिंत, वर जाळी, जमिनीवर भाताच्या तुसाची गादी. इथवर सगळे पुस्तकाप्रमाणे झाले. पैसे माझ्या कार्यालयाच्या पतपेढीतून काढलेले, हप्ता माझ्या पगारातून.

नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवसाची दोनशे पिल्ले आली. पिवळी, कापसासारखी. मुलांना तर सणच वाटला. पहिल्या दिवशी गुळाचे पाणी आणि कागदावर पसरलेला मक्याचा भरडा दिला.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते. नंतर दर आठवड्याला ती अडीच-तीन अंशांनी कमी करत आणायची. त्यासाठी पत्र्याचे गोल कुंपण करून मध्ये बल्ब सोडतात. भावाने बल्ब सोडले होते. पण त्या वर्षी महाराष्ट्राच्या खेड्यांत भारनियमनाचा कहर होता. चौथ्या रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. शेगडीची तयारी नव्हती. थंडीने पिल्ले एकमेकांना बिलगली, एकावर एक चढली आणि खालची गुदमरली. सकाळी भावजयीने चौतीस पिल्ले मोजून पाटीत भरली.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी अठरा गेली. पाण्याची भांडी सांडून गादी ओली झाली होती. ओल्या गादीत रक्ती हगवण लागते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिले, ओले तूस काढायला लावले, तेव्हा मरतूक थांबली. दोनशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस पक्षी विक्रीला उरले. नफा झाला नाही, पण फार तोटाही नाही. भाऊ म्हणाला, "ही शिकवणी फी समजा."

पिल्लांना ऊब बरोबर आहे का, हे पाहायला थर्मामीटर नसला तरी चालते, हे डॉक्टरांनी त्या वेळी शिकवले. पिल्ले बल्बखाली ढीग करून बसली, तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असली, तर उष्णता जास्त आहे. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असली, तर ठीक. आणि कोळशाची किंवा भुशाची शेगडी वीज असली तरी तयार ठेवायची. मात्र शेड पूर्ण बंद करून शेगडी पेटवायची नाही. धुराने आणि कोंडलेल्या हवेने थंडीपेक्षा लवकर जीव जातो.

दुसरी खेप : बाजार बसला

दुसरी दोनशे पिल्ले जानेवारी २००६ च्या दहा तारखेला आली. या वेळी शेगडी होती, कोरडी गादी होती, लसी वेळेवर दिल्या होत्या. दोनशेतली फक्त अकरा गेली. एकशे एकोणनव्वद पक्षी सहा आठवड्यांत वजनदार झाले. व्यापाऱ्याशी बोलणे झाले होते. भावाने मला फोनवर सांगितले, "दादा, या महिन्याचा हप्ता मी पाठवतो."

१८ फेब्रुवारी २००६ ला बातमी आली. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. भारतात हा रोग तेव्हा पहिल्यांदाच आढळला. नवापूर परिसरातल्या लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. आमचे गाव तिथून कितीतरी लांब. आमच्या शेडमध्ये एक पक्षी शिंकलासुद्धा नव्हता. पण लोकांनी चिकन खाणेच सोडले. ठरलेला व्यापारी आलाच नाही.

ब्रॉयलरचा धंदा कसा असतो, तो त्या दिवसांत उमगला. कापूस पडला तर घरात भरून ठेवता येतो. बाजरी कणगीत राहते. तयार ब्रॉयलर मात्र थांबत नाही. त्या वयाचा पक्षी रोज दीडशे ग्रॅमहून जास्त खाद्य खातो. आमचे एकशे एकोणनव्वद पक्षी रोज अर्ध्या गोणीहून अधिक खात होते. गिऱ्हाईक नाही म्हणून खाद्य बंद करता येत नाही. पक्ष्याचे वजन वाढते तसा त्याचा जीवही जपावा लागतो, कारण जड ब्रॉयलर उन्हाने पटकन मरतो आणि मार्च तर तोंडावर आलेला. सोळा दिवसांत दहा गोण्या खाद्य गेले. तेही दुकानातून उधारीवर.

शेवटी काही पक्षी ढाब्यावर मिळेल त्या दराने दिले, काही आजूबाजूच्या वस्तीवर वाटले, उरलेले खर्चाच्या निम्म्याहून कमी पैशांत गेले. खाद्याच्या दुकानदाराची उधारी मी पतपेढीतून पुन्हा कर्ज काढून भागवली. दोन वर्षे पगारातून कापून जात होते. माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. तिचा क्लास लावायचा ठरला होता, तो राहून गेला. ती काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

आणि त्याच मे महिन्यात आईच्या कोंबड्यांना मानमोडी लागली.

मानमोडी म्हणजे मरीआई नव्हे

तीन दिवसांत आठपैकी पाच गेल्या. आधी सुस्त होतात, हिरवट पातळ हगवण लागते, श्वास घेताना घरघर होते, मान वाकडी होऊन पक्षी गोल फिरतो आणि पडतो. वाडीत घराघरातून कोंबड्या जात होत्या. म्हाताऱ्या माणसांनी मरीआईचा फेरा म्हटले. कुणी नारळ काढला, कुणी खुराड्याला लिंबू-मिरची बांधली. लिंबू-मिरचीने एकही कोंबडी वाचली नाही.

हा रोग विषाणूचा आहे. भारतात तो १९२७ च्या सुमारास कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत इथे आढळला, म्हणून त्याला राणीखेत म्हणतात. लागल्यावर औषध नाही, पण लागू नये म्हणून लस आहे आणि ती स्वस्त आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब लासोटा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तीच पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. दोन आठवड्यांच्या पिल्लाला गंबोरोची लस, सहा-आठ आठवड्यांत देवीची. नेमके दिवस आपल्या भागातले डॉक्टर सांगतील. तसे लिहून घ्यावे.

मग गरिबाच्या कोंबड्यांना लस का मिळत नाही? अडचण पैशाची कमी आणि बाटलीची जास्त आहे. लशीची एक बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि पातळ केल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी शंभराची बाटली कोण फोडणार? त्यामुळे लस मोठ्या शेडवर पोचते, परसात पोचत नाही.

यावर वाट काढली ती माझ्या भावजयीने. वाडीतल्या बारा घरांत ती फिरली. एकीकडे आठ, दुसरीकडे पाच, तिसरीकडे अकरा, अशा नव्वद-पंचाण्णव कोंबड्या झाल्या. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे काढून एक बाटली आणली. आदल्या रात्री खुराडी बंदच ठेवली आणि भल्या पहाटे, कोंबड्या बाहेर सुटायच्या आत, पशुधन पर्यवेक्षकाकडून घरोघर लस टोचून घेतली. बर्फासाठी शाळेतल्या बाईंचा थर्मास. ही प्रथा वाडीत अजून चालू आहे. उन्हाळा लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा. त्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध पाजायचे आणि आजारी कोंबडीला लस द्यायची नाही, हे आता तिथल्या बायकांना तोंडपाठ आहे.

मानमोडीत आईच्या पाच कोंबड्या गेल्या, पण घर बुडाले नाही. आईला वाईट वाटले, दोन दिवस ती नीट जेवली नाही. पण कुणाचे देणे झाले नाही. शेडमधला तोटा आणि खुराड्यातला तोटा यांत फरक होता तो एवढाच. तो फरक माझ्या भावाच्या डोक्यात पक्का बसला.

पुन्हा पंचवीस पिल्लांपासून

वर्षभर शेड रिकामे होते. त्यात भाऊ कांदे साठवायचा. २००७ साली त्याने पुन्हा सुरुवात केली, पण कर्ज न काढता, पंचवीस पिल्लांपासून. या वेळी ब्रॉयलर नाही. गिरिराज जातीची पिल्ले. ही जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या कोंबडीपालनासाठी तयार केली. हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराजा हीसुद्धा तशीच. या कोंबड्या गावठीसारख्या बाहेर हिंडून खातात, वर्षाला शंभर ते दीडशे अंडी देतात आणि नर वजनाला भरतो. पण त्यांचेही दोन दोष लक्षात ठेवावेत. एक, त्या सहसा खुडूक बसत नाहीत. दोन, त्यांच्याच अंड्यांतून पिल्ले काढली, तर पुढच्या पिढीत तो गुण उतरत नाही. म्हणून पिल्ले दर वेळी उबवणी केंद्रातून आणावी लागतात.

भावजयीने मेळ घातला. परसात अर्ध्या गावठी, अर्ध्या सुधारित. गावठी कोंबड्या पिल्ले काढणार, सुधारित कोंबड्या अंडी वाढवणार. आई खुडूक कोंबडीच्या टोपलीत कोळशाचा तुकडा ठेवायची. वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. भावजय तिला म्हणाली, "आत्या, कोळसा राहू द्या, पण आठव्या रात्री बॅटरी लावून अंडी बघू." काळोखात अंड्याखाली बॅटरी धरली, की जिवंत अंड्यात लाल शिरांची जाळी दिसते. ज्यात नुसता उजेड आरपार जातो, त्यात पिल्लू नाही. तेवढी अंडी काढून टाकली, की उरलेल्यांना चांगली ऊब मिळते. आईने त्या रात्री पहिल्यांदा अंड्याच्या आतला जीव पाहिला. पुढच्या खेपेपासून कोळसा आपोआप बंद झाला.

वही

आणखी एक गोष्ट भावजयीने केली. दोनशे पानी वही घातली. तारीख, खाद्य किती, अंडी किती, मेल्या किती, विकल्या किती, पैसे किती. घरात खाल्लेली अंडीसुद्धा बाजारभावाने मांडायची, कारण नाहीतर ती विकतच आणावी लागली असती. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. वाढत्या मुलाच्या ताटात रोज एक अंडे पडले, तर तोही नफाच.

पहिल्या वर्षाच्या शेवटी भाऊ वही पाहून खूश झाला. म्हणाला, "नफा आहे." भावजय म्हणाली, "माझी हजेरी कुठं धरली? पहाटे पाचला खुराडं उघडते, रात्री सातला लावते. शेण-घाण मी काढते. माझी मजुरी मांडा, मग बघा नफा किती राहतो." मजुरी मांडली. नफा निम्म्याहून खाली आला. तरीही उरला. तेव्हापासून अंड्यांचे पैसे तिच्या हातात राहतात, जसे आईच्या हातात राहत होते. फरक इतकाच, की आता ते वहीत आहेत.

वहीतून पहिली गोष्ट कळली ती खाद्याची. कोंबडीपालनाच्या एकूण खर्चात पासष्ट-सत्तर टक्के खर्च खाद्याचा असतो. शेडवर सगळे खाद्य विकतचे, म्हणून मका आणि सोयाबीन महागले की नफा संपला. परसातल्या कोंबडीला निम्मे तरी खाणे फुकट मिळते. भावाने बाजरीची पाखडण, भाजीचा पाला, खड्ड्यात वाढवलेले अझोला आणि ओल्या गोणपाटाखाली धरलेली वाळवी यांवर पुष्कळ भागवले. आईचे "येचून खाल्लं पाहिजे" ते हेच.

दुसरी गोष्ट दराची. फार्मच्या अंड्यांचे दर राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज जाहीर करते. ही समिती १९८२ साली स्थापन झाली. व्यापाऱ्यांच्या मनमानीपासून उत्पादकाला वाचवणे हा तिचा हेतू. पण दहा-वीस हजार कोंबड्या असणाऱ्याला त्या दराने जे परवडते, ते चाळीस कोंबड्यांच्या घराला परवडत नाही. गावठी अंड्याला बाजारात निराळा भाव मिळतो, आणि लहान माणसाने त्याच भावाची वाट धरावी. मोठ्याशी त्याच्या मैदानात कुस्ती धरू नये.

पुन्हा वावटळ, पण घर उभे

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकन खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली. तिला कसलाही शास्त्रीय आधार नव्हता. पण ब्रॉयलरचे दर कोसळले, काही ठिकाणी पक्षी फुकट वाटण्याची वेळ आली. मला २००६ आठवले. घाबरून भावाला फोन केला. त्याच्याकडे तेव्हा सत्तर कोंबड्या होत्या.

तो म्हणाला, "दादा, विकणं बंद केलंय. अंडी घरात खातोय, वाडीत देतोय. देणं कुणाचं नाही. थांबू."

एवढ्या चौदा वर्षांत आम्ही काय शिकलो असू, तर हा एक शब्द, थांबू. ब्रॉयलर थांबू शकत नाही, उधारीचे खाद्य थांबू शकत नाही, बँकेचा हप्ता थांबू शकत नाही. परसातली कोंबडी थांबू शकते. तिला चार महिने उशिरा विकले, तरी ती मधल्या काळात अंडी देत राहते. लहान माणसाला भाव पडला तरी दम धरता आला पाहिजे. तो दम त्याच्या कोंबड्यांची संख्या आणि त्याचे कर्ज यांवरून ठरतो.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या मेल्या, आणि फेब्रुवारीत नवापूरला तो पुन्हा आला. तेव्हा भावजयीने कोंबड्या कुंपणातच ठेवल्या, बाजारातून नवीन कोंबडी आणायची बंद केली, खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या केल्या. या रोगाबाबत दोन गोष्टी सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात. चिकन आणि अंडी नीट शिजवून खाण्यात धोका नाही. ७० अंशांच्या वर सगळीकडून शिजले, की विषाणू मरतो. आणि एकाएकी खूप कोंबड्या मेल्या, तर लपवू नये. त्या कापू नयेत, नाल्यात फेकू नयेत. हात न लावता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. रोग आटोक्यात आणण्यासाठी सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लपवणारा स्वतःचाच तोटा करतो.

पैसे पाठवण्याआधी

मधल्या काळात भावाकडे करार पद्धतीचाही प्रस्ताव आला होता. कंपनी पिल्ले, खाद्य, औषध देते. आपण शेड, वीज, पाणी आणि मेहनत द्यायची. किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. यात बाजार पडल्याची झळ थेट बसत नाही, हे खरे. पण त्यासाठी हजारो पक्ष्यांचे मोठे शेड लागते, ते कर्जावर बांधावे लागते, आणि दोन खेपांच्या मध्ये पिल्ले कधी द्यायची हे कंपनी ठरवते. शेड रिकामे राहिले तरी बँकेचा हप्ता चालू असतो. ज्याला हे पेलते त्याने जरूर करावे. भावाने करार वाचून घेतला, वहीशी ताडून पाहिला आणि नाही म्हटले.

म्हणून गावाकडून निरोप आला, तर बंधू-भगिनींनो, नाही म्हणू नका. आपल्या माणसाच्या मागे उभे राहायलाच हवे. पण आधी विचारा. पहिल्या खेपेला किती पिल्ले? त्या सगळ्या मेल्या तर घर चालेल का? वीज गेली तर ऊब कशाची? लस कोण देणार आणि कोणत्या दिवशी? खाद्य रोखीने की उधारीने? आठ दिवस गिऱ्हाईक आले नाही, तर काय करणार? वही कोण लिहिणार? पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटून पिल्ले, प्रशिक्षण आणि योजनांची चौकशी केली का? ही उत्तरे मिळाली, तर पैसे पाठवा. पंचवीस पिल्लांपुरतेच पाठवा. दोनशेचे पुढे बघता येईल.

माझी मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरीला आहे. मागच्या दिवाळीत ती गावी गेली, तेव्हा काकूने तिच्यापुढे वही ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या क्लासचे पैसे या धंद्यात गेले होते. ते यात मांडलेत बघ, अगदी पहिल्या पानावर." मुलीने पान पाहिले. त्याखाली भावजयीच्या अक्षरात लिहिले होते : देणे बाकी. मुलीने पेन मागून घेतले आणि त्याखाली लिहिले : फिटले.

आई आता थकली आहे. ओट्यावर बसून कोंबड्या मोजते. संध्याकाळी एखादी कमी भरली, तर ती खुराड्यात शिरेपर्यंत जेवत नाही.